पावसाळा, मोबाईल आणि स्नॅपसीड: फोटोत पाऊस पावसासारखा दिसावा म्हणून काय करायचं

जून उजाडला की सगळ्यांच्या स्टेटसला तेच फोटो सुरू होतात. हिरवा डोंगर, वर पांढरंफटक आभाळ, आणि हिरवा म्हणजे असला हिरवा की दुकानातलं प्लॅस्टिकचं तोरण बरं. प्रत्यक्षात तिथे अंधारून आलेलं असतं, ढग अंगावर उतरलेले असतात, वाऱ्याने छत्री उलटी होत असते, आणि फोटोत यातलं काहीएक येत नाही. दोष फोटो काढणाऱ्याचा कमी आणि फोनचा जास्त. आत्ताचे फोन एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम घेतात, त्या एकमेकींवर बसवतात, सावल्या उजळतात, धुक्यातला कॉन्ट्रास्ट वाढवतात, उजेड निळसर दिसला की त्याला पिवळसर करून नॉर्मलवर आणतात, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणजे तुम्ही काढताय पावसाचा फोटो आणि फोन बनवून देतोय उघडीप पडलेल्या दिवसाचा.

तर आपल्याला करायचंय एवढंच की फोनने पुसून टाकलेला पाऊस परत आणायचा, थोडा फोटो काढताना आणि थोडा नंतर ॲपमध्ये बसून. त्यासाठी महागडा फोन लागत नाही, पंधरा-वीस हजाराच्या फोनमध्ये सगळं होतं. एडिटिंगला मी मुख्यतः स्नॅपसीड हे ॲप धरून चाललोय कारण ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, फोटोवर वॉटरमार्क मारत नाही आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्हीवर आहे. २०१२ पासून ते गूगलकडे आहे. मध्ये बरीच वर्षं कोणी त्याकडे बघत नव्हतं, आता नव्या व्हर्जनमध्ये बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे झाल्यात, तर मी सांगतोय ते तुमच्या फोनवर तंतोतंत तिथेच नसेल तर आजूबाजूला शोधा, टूलची नावं ओळखीचीच आहेत.

आधी फोन कोरडा ठेवायची सोय

खिशात एक झिपलॉकची पिशवी आणि त्या पिशवीत एक सुती रुमाल किंवा चष्म्याचं मऊ फडकं, बस. फडकं पिशवीतच ठेवायचं कारण बाहेर ठेवलं की दहा मिनिटांत तेच ओलं होतं आणि मग लेन्स पुसली की पाणी नुसतं पसरतं. पावसाळ्यातले निम्मे धूसर फोटो धुक्यामुळे नसतात, लेन्सवरच्या बोटाच्या ठशामुळे आणि थेंबांमुळे असतात. दर चार-पाच फोटोंनंतर पुसायची सवय लावा, पण टी-शर्टला घासू नका, त्यात माती असते.

अख्खा फोन पिशवीत घालून फोटो काढले तर टच चालतो पण प्लॅस्टिकमधून फोटो मळकट येतो. लेन्सपुरतं भोक पाडून कडेने रबर लावला तर जमतं, फार सुंदर दिसत नाही पण आपल्याला कुठे पिशवीचा फोटो काढायचाय. स्क्रीनवर पाणी पडलं की टच येड्यासारखा वागायला लागतो, आपोआप झूम होतो, मोड बदलतो, अशा वेळी स्क्रीनला हातच लावू नका, व्हॉल्यूमचं बटण दाबलं की फोटो निघतो, जवळपास सगळ्या फोनमध्ये.

एसी लावलेल्या गाडीतून घाटात उतरलात की लेन्सवर वाफ धरते. ती पुसून जात नाही, पुसली की परत येते. फोनला बाहेरच्या हवेत पाच-दहा मिनिटं राहू द्या, आपोआप जाते. त्यापेक्षा सोपं म्हणजे पोचायच्या आधीच एसी बंद करून काचा खाली घ्यायच्या.

आणि आयपी ६८ वगैरे (पाणी-धूळ आत जात नाही याचं रेटिंग) लिहिलेलं असतं त्याच्या जिवावर फोन धबधब्याखाली धरू नका. ती चाचणी नव्या फोनवर, लॅबमध्ये, साध्या स्वच्छ पाण्यात होते, फोन दोनदा पडलेला असला की कडेचं सील तसं राहिलेलं नसतं, आणि पाणी गेलेलं वॉरंटीत सहसा धरत नाहीत. भिजलाच तर चार्जिंगला लावायचा नाही, पोर्ट खाली करून हलकेच झटकायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. तांदळाच्या डब्यात पुरायचा नाही, तांदळाची पूड आणि कण पोर्टमध्ये जातात, ॲपलने तर हे अधिकृतपणे सांगितलंय की तसं करू नका.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड लाइन चालू करा. मग "सीन ऑप्टिमायझर", "एआय कॅमेरा" असं जे काही नाव तुमच्या कंपनीने दिलंय ते बंद करा. फोनला झाडं दिसली की हाच प्रकार हिरवा रंग भडक करतो, तोरणाचं मूळ इथे आहे. ब्यूटी फिल्टरही बंद.

५० मेगापिक्सेल किंवा १०८ मेगापिक्सेलचा मोड पावसाळ्यात वापरू नका. फोन नेहमी चार किंवा नऊ पिक्सेल जोडून एक पिक्सेल बनवतो म्हणून फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचा येतो, आणि त्या जोडण्यामुळेच कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. पूर्ण मेगापिक्सेलचा मोड लावला की तो फायदा गेला, फाइल मोठी आणि फोटो रवाळ. तसंच अल्ट्रावाइडचं, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या ०.५ च्या लेन्सचं. डोंगर बघितला की सगळ्यांचा हात आपोआप ०.५ वर जातो, पण स्वस्त फोनमध्ये त्या लेन्सचा सेन्सर बारका असतो, ढगाळ उजेडात कडा धुरकट येतात आणि डोंगर लांब जाऊन टेकडी होतो. १ वर राहा, जमलं तर २ वर.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते. स्क्रीनवर जिथे फोकस पाहिजे तिथे बोट दाबून धरा, लॉक झाल्याचं दिसतं, आणि बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. ती खाली ओढली की फोटो काळोखा होतो, वर ओढली की उजळतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर बेसिकली समोरचं सगळं मिळून मध्यम करड्याच्या जवळ आणायला बघतं. समोर काळा कातळ, ओली झाडी, संध्याकाळचा रस्ता असला तर त्याला वाटतं फार अंधार आहे आणि तो उजळून टाकतो, तिथे तुम्ही पट्टी खाली ओढायची, आभाळातल्या ढगांचे थर वेगवेगळे दिसायला लागेपर्यंत. पण फ्रेममध्ये सगळं धुकंच धुकं असलं तर उलट होतं, एवढं पांढरं बघून मीटर ते मळकट करडं करून टाकतं, तिथे पट्टी किंचित वर. हे एवढं कळलं की पावसाळ्यातल्या फोटोचं अर्धं काम संपलं, बाकीचं सगळं याच्यावरचा मसाला.

घाई असली, एक्स्पोजर नेमकं किती ठेवायचं कळत नसलं तर काळोख्या बाजूला चूक झालेली चालते. काळोखा फोटो नंतर उजळता येतो, पांढरं पडलेलं आभाळ मात्र कुठल्याही ॲपमध्ये परत येत नाही कारण तिथे माहितीच नोंदवली गेलेली नसते.

काढायचं काय? (धबधबा सोडून)

डबकी. पावसाळ्यात फुकट मिळणारा आरसा. फोन उलटा करा, म्हणजे कॅमेरा खाली येईल असा, आणि लेन्स पाण्याच्या अगदी जवळ न्या, बोटभर अंतरावर. फोन सरळ धरला तर लेन्स वर राहते आणि प्रतिबिंब फक्त तुकडाभर दिसतं, उलटा धरला की टीचभर डबक्यात अख्खी बिल्डिंग मावते. पाऊस थांबल्या थांबल्या काढा, पाणी स्थिर असतं. मग एडिट करताना एकदा फोटो १८० अंशात फिरवून बघा, प्रतिबिंब वर आणि खरं जग खाली, कधीकधी तोच फोटो जास्त चांगला निघतो. रंकाळ्याचा काठ असो नाहीतर दादर स्टेशनबाहेरचा रस्ता, सगळीकडे चालतं, फक्त रस्त्यात बसून काढताना मागून रिक्षा येतेय का बघा.

खिडकीची काच, एसटीची, लोकलची, घरची. काचेवरच्या थेंबांवर बोट दाबून फोकस लॉक करा म्हणजे मागचे दिवे गोलगोल धूसर होतात. फोन काचेला चिकटवून चालत नाही, बऱ्याच फोनचा मेन कॅमेरा दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही, मागे या आणि २ वर झूम करा. खोलीतला दिवा बंद करायला विसरू नका नाहीतर काचेत तुमचाच हात दिसेल.

पडणारा पाऊस पकडणं याला थोडी तयारी लागते. पाऊस दिसायला दोन गोष्टी लागतात, मागे काळोखी जागा आणि समोरून किंवा बाजूने येणारा उजेड. पांढऱ्या आभाळापुढे कितीही धो-धो पडत असला तरी फोटोत कोरडंच दिसतं. म्हणून गर्द झाड, उघडा दरवाजा, काळी भिंत अशी बॅकग्राउंड शोधा, किंवा रात्री स्ट्रीटलाइटकडे तोंड करून उभे राहा. मग प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येतात तो कॅमेऱ्यातला मोड. फोनच्या कॅमेऱ्याला छिद्र बहुतेक वेळा एकाच मापाचं असतं, त्यामुळे तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत, शटर (कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते) आणि आयएसओ (आलेला उजेड किती वाढवायचा ते). शटर १/६० सेकंद ठेवलं तर पावसाच्या रेघा येतात, १/१००० ठेवलं तर थेंब सुटे सुटे दिसतात. रात्री दिव्याखाली १/६० आणि आयएसओ ८०० च्या आसपास सुरुवात करा आणि फोटो बघून कमी-जास्त करा. दुपारी उघड्यावर मात्र १/६० ला फोटो पांढराच पडणार, आयएसओ सगळ्यात कमी केला तरी, तिथे झाडीच्या सावलीत जा किंवा संध्याकाळची वाट बघा.

एक गंमत म्हणून रात्री पावसात फ्लॅश चालू करून एक फोटो काढून बघा. लेन्सजवळचे थेंब फ्लॅशने उजळून मोठे पांढरे गोळे होतात, मध्ये छत्रीवाला माणूस उभा असला तर काहीतरी वेगळंच दिसतं. सगळ्यांना आवडत नाही. मला आवडतं.

रंगाचा विचार करायचा तर करड्या-हिरव्या पसाऱ्यात एकच लाल किंवा पिवळी गोष्ट शोधा. लाल परी एसटी, पिवळा रेनकोट, इरलं घेतलेला माणूस आणि मागे भाताची खाचरं. एकच. दोन झाल्या की डोळा कुठे थांबायचं ते विसरतो. आणि लावणी करणाऱ्या बायकांचे फोटो काढताना आधी विचारा, चिखलात कमरेतून वाकून काम चाललेलं असतं, ते आपल्या फीडसाठी नाही. निघताना काढलेला फोटो दाखवा, नंबर दिला तर पाठवा.

धबधबा, बरं, घेऊच. पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसायला शटर बराच वेळ उघडं लागतं, आणि दिवसा फोनवर ते प्रो मोडमध्ये जमत नाही, आत्ता सांगितलं त्याच कारणाने. त्याऐवजी फोन बऱ्याच फ्रेम जोडून तसा परिणाम देतो तो मोड वापरा. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, मग फोटो उघडून "लाइव्ह" या शब्दावर टॅप केलं की लाँग एक्स्पोजरचा पर्याय येतो. पिक्सेल ६ पासून पुढे लाँग एक्स्पोजर वेगळा मोडच आहे, शाओमीच्या बऱ्याच मॉडेलमध्येही मिळतो. हात हलला तर सगळंच दुधाळ होईल, म्हणून फोन सॅकवर किंवा दगडावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड घेऊन रायगडासारख्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर जाणार असाल तर त्याला वेगळी परवानगी लागते हे माहीत असू द्या, नुसत्या फोनला कोणी काही म्हणत नाही.

पाण्यात उतरून काढायचा नाही. २०२४ च्या जूनच्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, वरती पाऊस झाला की खाली पाणी मिनिटांत वाढतं आणि खाली ऊन पण असू शकतं. दर पावसाळ्यात काही धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतात, निघायच्या आधी बातम्या बघा. काठावरून २ वर झूम करून फोटो तसाही चांगला येतो.

आता एडिटिंग, एकच फोटो घेऊन

फोन हातात घ्या, पण ॲप उघडायच्या आधी स्क्रीनचं आय कम्फर्ट, नाइट लाइट जे काही पिवळं चालू असेल ते बंद करा, ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी साधारण मध्यावर ठेवा, आणि डिस्प्ले "व्हिव्हिड"वर असेल तर "नॅचरल"वर आणा. पिवळ्या स्क्रीनवर रंग लावले की दुसऱ्याच्या फोनवर सगळं निळं दिसतं आणि मग आपण ॲपला शिव्या देतो.

समजा फोटो असा आहे: ताम्हिणी घाटातलं वळण, धुकं, समोरून दिवे लावून येणारी लाल एसटी, डावीकडे हिरवा उतार, खाली ओला डांबरी रस्ता. फोनने दिलेला फोटो बघाल तर धुकं पातळ, उतार पोपटी, एसटी त्या पोपटीत हरवलेली.

पहिली स्टेप, क्रॉप आणि रोटेट. आधी हेच, कारण जे कापून टाकायचंय त्याच्यावर मेहनत कशाला. ४:५ घ्या, इन्स्टावर उभा फोटो तोच बरा दिसतो. एसटी मध्यावर ठेवू नका, ती ज्या दिशेने येतेय तिकडे रस्ता मोकळा सोडा. वरचं कोरं आभाळ कापा पण धुकं कापू नका, फोटोत तेच तर आहे.

दुसरी, व्हाइट बॅलन्स. टेंपरेचर डावीकडे, निळ्याकडे, -१० ते -१५. फोनने जो निळसरपणा काढून टाकलाय तो परत द्यायचा. फार नेलं तर हॉरर पिक्चर होतो. एसटीचा पांढरा पट्टा किंवा रस्त्यावरची पांढरी रेघ बघत राहा, ती निळी वाटायला लागली की दोन पावलं मागे या.

तिसरी, ट्यून इमेज, आणि इथे घाई नको. स्क्रीनवर बोट वर-खाली केलं की पर्याय बदलतो, आडवं फिरवलं की आकडा. ब्राइटनेस -१०. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, -१५. आता एम्बियन्स. यूट्यूबवर बघाल तर सगळे हा +५० ला नेतात, "फोटो पॉप होतो" म्हणून. एम्बियन्स वाढवला की सावल्या उघडतात, रंग भडकतात, आणि धुक्यामागचा डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा पुढे येतो. पावसाच्या फोटोत तो उलटा न्या, -२० ते -३०. धुकं परत बसतं, लांबचा डोंगर लांब जातो. हायलाइट्स (उजळ भाग) किंचित कमी, शॅडोज (सावल्या) शून्यावरच असू द्या, किंवा -१०. काळं काळंच राहू दे की, सगळं दिसलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

चौथी, सिलेक्टिव्ह. स्नॅपसीड मी अजून फोनमध्ये ठेवलंय ते या एका टूलसाठी. हिरव्या उतारावर टॅप करा, एक ठिपका येतो. दोन बोटांनी चिमूट उघड-बंद केली की तो ठिपका केवढ्या भागावर चालणार ते लाल रंगात दिसतं, आणि ॲप त्या वर्तुळातलं फक्त त्या ठिपक्याच्या रंगाशी जुळणारं उचलतं, म्हणजे उताराच्या पुढे उभा दगड किंवा माणूस त्यातून बऱ्यापैकी सुटतो. वर-खाली बोट फिरवून सॅच्युरेशनवर या आणि -३० करा, ब्राइटनेस -१५. पोपटीचा शेवाळी होताना डोळ्यादेखत दिसेल. आता दुसरा ठिपका एसटीवर, सॅच्युरेशन +२०, ब्राइटनेस +१०. तिसरा दिव्यांच्या आसपासच्या ओल्या रस्त्यावर, कॉन्ट्रास्ट +१५, दिव्याचं प्रतिबिंब उठून येतं. आता एसटी पूर्वीएवढीच लाल आहे जवळजवळ, पण आजूबाजूचं गप्प झाल्यामुळे तीच दिसते. रंग वाढवून फोटो रंगीत होतो त्यापेक्षा नको तिथला रंग कमी करून जास्त होतो.

पाचवी, डिटेल्स. यातलं स्ट्रक्चर, म्हणजे बारीक तपशील उठवणारी पट्टी, अख्ख्या फोटोला लावलं की धुक्यात दाणे उठतात आणि ढग खरबरीत होतात. म्हणून मास्क वापरायचा, म्हणजे परिणाम हवा तेवढ्याच भागावर ठेवायचा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. स्ट्रक्चर +२० करून टिक करा, मग वर थर-थर असलेलं चिन्ह असतं त्यात "व्ह्यू एडिट्स", तिथे डिटेल्सवर टॅप करून ब्रश निवडा. आता फोटोवरून तो परिणाम निघून गेलेला दिसेल, आणि जिथे बोट फिरवाल तिथेच लागेल. एसटीवर, रस्त्यावर, जवळच्या दगडावर फिरवा, धुक्याला हात लावू नका. बाहेर गेलं तर ब्रश ० करून पुसा. हीच युक्ती बऱ्याच टूलना चालते, ब्लॅक अँड व्हाइटला पण.

सहावी म्हणजे साफसफाई, हीलिंगने लेन्सवरच्या थेंबाचा डाग, रस्त्यावरची वेफर्सची पिशवी घालवा. झूम करून छोट्या भागात करा, मोठा फराटा मारला की तिथे गिचमीड होते. विजेच्या तारा घालवायच्या का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी ठेवतो, घाटातही तारा असतात.

झालं की फोटोवर बोट दाबून धरा, आधीचा फोटो दिसतो. तुलना करा. आणि मग फोन बाजूला ठेवून चहा पिऊन या, खरंच, डोळा रंगाला फार पटकन सरावतो, परत आल्यावर जे जास्त झालंय ते लगेच खुपतं.

थोडी कलाकारी

रात्री दिव्याखाली काळ्या बॅकग्राउंडवर काढलेल्या पावसाच्या रेघांचे फोटो टाकून देऊ नका, एक फोल्डर करा. स्नॅपसीडमध्ये डबल एक्स्पोजर उघडून मूळ फोटोवर तो रेघांचा फोटो घ्या आणि मोड "लाइटन" करा. काळं सगळं गायब होतं आणि फक्त रेघा उरतात. मग मास्कने चेहऱ्यावरच्या रेघा पुसा. यात फसवणूक आहे का? न्यूज फोटोत आहे, स्पर्धेत असेल तर नियम वाचा, स्वतःच्या घरच्या अंगणाच्या फोटोत काय फरक पडतो. दुसरा एक प्रकार, आभाळापुढे काळी सावली झालेला माणूस किंवा झाड घ्यायचं आणि त्यावर काचेवरच्या थेंबांचा फोटो "लाइटन"ने चढवायचा, काळ्या आकृतीच्या आत थेंब भरले जातात. दोन्ही फोटो साधेच असतात पण एकत्र केल्यावर लोक विचारतात कुठलं ॲप.

ब्लॅक अँड व्हाइट पावसाला शोभतं, पण नुसतं फिल्टर दाबून सोडू नका. त्या टूलमध्ये लाल, पिवळा, हिरवा असे रंगीत फिल्टर आहेत. हिरवा लावला की झाडी उजळ होते, लाल लावला की झाडी काळवंडते आणि लाल छत्री पांढरी पडते. एकाच फोटोवर दोन्ही लावून बघा, दोन वेगळे दिवस वाटतात.

लाइटरूम या दुसऱ्या एडिटिंग प्रोग्रॅमचं मोबाईल ॲपही फुकट चालतं, लॉगिन करावं लागतं, आणि मास्किंग, हीलिंग यासाठी पैसे मागतं. तरी दोन कामांसाठी ते घ्या. एक म्हणजे कलर मिक्स, तिथे हिरवा रंग एकटा निवडून त्याचं ह्यू (रंगाची छटा) थोडं पिवळ्याकडे, सॅच्युरेशन कमी, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) कमी, असं केलं की अख्ख्या सह्याद्रीचा हिरवा एका झटक्यात खरा वाटायला लागतो. पिवळ्या रंगाची पण पट्टी हलवून बघा, गवतात हिरव्यापेक्षा पिवळाच जास्त असतो. दुसरं डीहेझ. लोक धुकं घालवायला वापरतात, तुम्ही -१० करा, धुकं वाढतं.

तयार प्रीसेट, म्हणजे एका टॅपमध्ये लागणारी आयती सेटिंग, विकत घेऊ नका. कुठल्या तरी उन्हातल्या बीचसाठी बनवलेला प्रीसेट आंबोलीच्या धुक्याला लावला की काय होतं ते तुम्ही बघितलं असेलच. एक फोटो नीट जमला की त्याचीच सेटिंग सेव्ह करा, स्नॅपसीडमध्ये लुक्स म्हणून, लाइटरूममध्ये प्रीसेट म्हणून, त्याच दिवशीच्या बाकी फोटोंना लावा आणि प्रत्येकात थोडं कमी-जास्त करा.

पाठवणं आणि प्रिंट

स्नॅपसीडच्या सेटिंगमध्ये जेपीईजीची क्वालिटी १०० आणि साइज न बदलणारा पर्याय ठेवा. एवढं सगळं करून व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबून बारीक होतो, धुक्यात पट्टे पट्टे दिसतात. एचडी निवडा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, डॉक्युमेंटमध्ये फाइल आहे तशी जाते. दुसऱ्याकडून व्हॉट्सॲपवर साधा आलेला फोटो घेऊन एडिट करत बसू नका, मूळ मागा.

प्रिंटला १२ मेगापिक्सेल पुष्कळ झाले. ४००० बाय ३००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १३ बाय १० इंच, त्यामुळे १२ बाय ८ ची प्रिंट आरामात निघते, फक्त क्रॉप करताना फार कापलेलं नसावं. कागद स्क्रीनसारखा स्वतः उजळत नाही, म्हणून प्रिंट नेहमी स्क्रीनपेक्षा काळोखी येते, आणि आपले फोटो तर मुद्दाम काळोखे केलेत. प्रिंटसाठी वेगळी कॉपी काढून तिचा ब्राइटनेस +१० ते +१५ करा आणि आधी ४ बाय ६ ची एक काढून बघा. लॅबवाल्याला पेन ड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकने फाइल द्या आणि "ऑटो करेक्शन मारू नका" असं तोंडाने सांगा, नाहीतर तिथलं मशीन परत सगळं उजळून, पोपटी करून देतं. मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर धुकं चकाकतं.